पक्या, त्यांना काम करू दे

पंचवटी, नाशिक
आषाढ वद्य

प्रिय पक्या,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या सिनेमाची संहिता वाचली. त्या दिवशी फोनवर "छान आहे रे" एवढंच म्हणालो, कारण गोदामात गाडी उतरवणं चाललं होतं आणि तूच म्हणालास की जे वाटलं ते सगळं नीट लिहून पाठव. आता आषाढी झाली, लग्नं थांबली, मांडवाची कापडं धुऊन, वाळवून, घड्या घालून रॅकवर चढली. गणपतीची मंडळं यायला लागेपर्यंत आम्हाला थोडी उसंत असते. म्हणून सविस्तर लिहायला बसलो.

आधी आनंद सांगतो. तीन भावंडं, वडिलांनी मागे ठेवलेला मंडप डेकोरेशनचा धंदा, पंचवटीतलं गोदाम, एक जुना टेम्पो आणि एका लग्नसराईची गोष्ट. कुणी मरत नाही, कुणाला दुर्धर आजार होत नाही, गावगुंड येत नाही. असा हलकाफुलका सिनेमा आपल्या गावात, आपल्या माणसांवर कुणीतरी करावा असं मला फार दिवस वाटत होतं. एरवी घरच्या धंद्याची गोष्ट म्हटली की ती वाटणीवर जाऊन थांबते. भाऊ वेगळे होतात, मधे भिंत येते, आई मधल्या खोलीत डोळे पुसते. तू तिकडे गेला नाहीस. तुझी भावंडं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत भांडतात आणि तरी सकाळी सहाला शटर वर जातंच. आमच्याकडे असंच आहे. आजूबाजूला जी भावंडं एकत्र धंदा करतात, त्यांच्याकडेही बहुतेक असंच आहे. वेगळे झालेले लोकांच्या लक्षात राहतात, टिकलेल्यांची गोष्ट कुणी सांगत नाही.

नोटिशीचा प्रसंग वाचून मी इतक्या मोठ्यानं हसलो की ताई आतून विचारायला आली. धाकटा वकील गाठून फर्म मोडल्याची नोटीस स्पीड पोस्टानं पाठवतो, पोस्टमन त्याच जिन्यानं वर येतो, पाठवणारा आणि घेणारा एकाच दारात उभे, आणि सही कुणी करायची यावरून पुन्हा वाद. ताईला वाचून दाखवला तर तीही हसली, आणि मग म्हणाली, "पण हे खरंच असं करता येतं का?" येतं. १९३२ च्या भागीदारी कायद्यात तशी तरतूद आहे. करारात मुदत ठरलेली नसेल, तर एका भागीदारानं बाकीच्यांना लेखी नोटीस दिली की भागीदारी संपवता येते. आणि तो कागद हातात धरून तुझा धाकटा विचारतो, "उद्या मखमलाबादला गाद्या किती टाकायच्या?" पक्या, या जागी कुणालाही कात्री लावू देऊ नकोस. संकलक म्हणो, पैसे घालणारा म्हणो, अगदी कुणीही.

आता जे खटकलं ते.

मध्यंतरानंतर तू तिघांना रात्री गोदावरीच्या गंगाघाटावर, दुतोंड्या मारुतीपाशी नेऊन बसवलंस. तिथे पानंच्या पानं ते मनातलं बोलतात. थोरला म्हणतो, तुमच्यासाठी कॉलेज सोडलं. तुझ्या गोष्टीतली ताई म्हणते, मला कधी कुणी विचारलंच नाही. धाकटा रडतो. जागा सुंदर आहे, रात्रीचा घाट कॅमेऱ्यात फार छान दिसेल, आणि संवादही तू मन लावून लिहिलेत. पण एकत्र धंदा करणारी भावंडं अशी बोलत नाहीत रे. त्यांना जे सांगायचं असतं ते दिवसभरात हातांनी सांगून झालेलं असतं. कोण जड बाजू उचलतं, कोण कुणासाठी चहाचा कप झाकून ठेवतं, कुणाच्या वाट्याला उन्हातलं काम येऊ नये म्हणून कोण आधीच शिडीवर चढतं, यात सगळं येतं. ते तोंडानं वदवून घेतलंस की हसूही जाईल आणि मायाही जाईल. लोक खुर्चीत चुळबुळ करतील.

त्याऐवजी काय करता येईल ते आमच्याच घरातलं सांगतो. मागे एका वैशाखात दादा आणि ताई यांचं बोलणं बंद होतं. ताईनं एका जुन्या गिऱ्हाइकाला दादाला न विचारता दर कमी केला होता, तेवढंच निमित्त. धंदा मात्र चालू. दादा माझ्याकडे बघून म्हणायचा, "तिला सांग, टेम्पोत डिझेल नाहीये." ताई दोन हातांच्या अंतरावर उभी. ती माझ्याकडे बघून म्हणायची, "त्याला सांग, काल रात्रीच भरलंय." मला काही बोलावंच लागायचं नाही. लग्नसराई दाट होती, कामं अडत नव्हती, फक्त प्रत्येक वाक्य माझ्या अंगावरून जात होतं.

अशात गंगापूर रोडकडच्या एका लॉन्सवर गोरज मुहूर्ताचं लग्न होतं. दुपारपर्यंत कडक ऊन. साडेचारनंतर त्र्यंबकच्या बाजूनं आभाळ भरून आलं, वारा सुटला आणि पाठोपाठ गारा. अवकाळीत आमचं काय होतं ते तुला नीट कळायला हवं, कारण तुझ्या सिनेमात पाऊस आहे पण पावसात माणसं नुसती पळतायत. खरी गंमत आणि खरी भीती छताच्या कापडात असते. दोन पाइपांच्या मधे कापडाला झोळ येतो, त्यात पाणी साठतं, आणि झोळ फुगत फुगत खाली यायला लागतो. घाबरून कुणी खालून टोचलं तर सगळं पाणी बदाबदा वऱ्हाडावर, आणि कापड कायमचं गेलं. म्हणून बांबूच्या टोकाला गोणपाट गुंडाळायचं, कारण उघडं टोक कापडात घुसतं, आणि खालून हळूहळू रेटत पाणी कडेला न्यायचं. हे एकट्याचं काम नाही. एकानं रेटायचं, दुसऱ्यानं त्याच क्षणी कडेची दोरी सैल करून पाण्याला वाट द्यायची, आणि पाणी गेलं की वारा आत शिरायच्या आधी दोरी परत ताणायची. दोघांचा मेळ चुकला की पाइप हलतो.

मी मेन स्विच बंद करायला धावलो. परत येऊन बघतो तर दादा बांबूवर आणि ताई दोरीवर. मधे निरोप्या नाही. "सोड," दादा म्हणाला. तिनं सोडली. "धर." धरली. पुढच्या झोळाकडे गेले. सोड, धर. सोड, धर. करवल्या खुर्च्यांवर पाय घेऊन बसलेल्या, भटजी चौरंग डोक्यावर धरून उभे, नवरदेवाचे मामा "इकडे, इकडे" म्हणून ओरडतायत, आणि ही दोघं कुणाकडेही न बघता एकामागून एक झोळ रिकामे करत चाललेली. शेवटचा झाल्यावर ताई म्हणाली, "खिसा बघ तुझा." बांबूवरून ओघळलेलं पाणी बाहीतून आत गेलं होतं आणि दादाच्या खिशातल्या चलनबुकाचा लगदा झाला होता. त्यानं तो काढून तिच्या हातात दिला. ती तिथेच उकिडवी बसून एकेक पान सुटं करायला लागली. "कांताच्या हळदीचं चलन आहे त्यात, जपून," दादा म्हणाला. झालं. बोलणं सुरू. दराचा विषय पुन्हा निघाला नाही. ते गिऱ्हाईक अजून त्याच कमी दरानं येतं.

घाटावरच्या पानांत जे जे आहे ते सगळं "सोड" आणि "धर" या दोन शब्दांत मावतं असं मला मनापासून वाटतं. कोण कुणावर किती विसंबून आहे ते दोरीकडे बघूनच कळतं.

तूच एकदा दाखवली होतीस ती ल्युमिएर बंधूंची १८९५ सालची फिल्म आठव. माळी नळीनं झाडांना पाणी घालतोय, पोरगं मागून नळीवर पाय देतं, पाणी थांबतं, माळी नळीचं तोंड डोळ्यांसमोर धरून बघतो आणि पोरगं पाय काढतं. मिनिटभराचीही नाही, आणि सिनेमातल्या अगदी पहिल्यावहिल्या विनोदांमध्ये ती मोजतात. तिथे हसू का येतं? तो माळी मन लावून आपलं काम करत असतो म्हणून. नुसता उभा असता आणि पोरानं पाणी उडवलं असतं तर त्यात काही नव्हतं. आणि हे करणारे स्वतः कोण, तर लिऑनमध्ये वडिलांच्या फोटोप्लेटच्या कारखान्यात काम करणारे दोघे सख्खे भाऊ. म्हणजे तुझा विषय सिनेमाइतकाच जुना आहे.

आणि नाशिकइतका तो आणखी कुठे शोभणार? १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' झाल्यावर फाळक्यांनी मुंबईहून बिऱ्हाड इथे आणलं, 'मोहिनी भस्मासुर' इथे केला आणि त्याच्या जोडीला 'पिठाचे पंजे' नावाची छोटी विनोदी फिल्म दाखवली. पौराणिक सिनेमाचे जनक म्हणून आपण त्यांना हार घालतो, पण माणसाला हसवायचीही तितकीच हौस होती, हे पांडवलेणीच्या पायथ्याचं स्मारक बघायला येणाऱ्या किती जणांना माहीत असेल? घर हाच त्यांचा कारखाना होता. सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायच्या, फिल्म धुवायला मदत करायच्या आणि सगळ्या मंडळींचं जेवणखाणही बघायच्या. मुलगा भालचंद्र 'राजा हरिश्चंद्र'मध्ये रोहिदास झाला, १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. पुढे बाहेरचे भागीदार घेऊन १९१८ मध्ये हिंदुस्थान कंपनी काढली, तर भागीदारांशी पटेना आणि फाळके काशीला निघून गेले, ते काही काळानं परतले. घरचे मात्र पहिल्यापासून कामात होते ते होतेच. तुझ्या सिनेमाच्या सुरुवातीला त्यांना दोन ओळींचं अभिवादन करशील का? नाशकात केलेल्या विनोदी सिनेमानं ते करावंच असं मला वाटतं.

आता धंद्यातल्या चार गोष्टी दुरुस्त कर, नाहीतर आमच्यातले लोक पहिल्या दहा मिनिटांत उठतील. तुझं मोठं लग्न श्रावणात लागतं. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत आमचं लग्नाचं काम थंड असतं, तुळशीची लग्नं लागली की खरी सुरुवात होते, पौषात पुन्हा शांतता, आणि वैशाख-ज्येष्ठात श्वास घ्यायला फुरसत नसते. तुला पावसाळ्यातलंच लग्न हवं असेल तर काढीव मुहूर्त कर. मुलाची परदेशची रजा संपतेय म्हणून गुरुजींनी तिथी काढून दिली, असं होतं. मग तर गंमत वाढेल, कारण सगळी माणसं गावी गेलेली असतात आणि मांडव तिघांनाच घालावा लागतो.

दुसरं, सामान परत येतं तेव्हा मोजणी दाखव. आमच्या धंद्यातली निम्मी भांडणं चमच्यांवरून होतात. गेले किती, आले किती. खुर्च्या चुकत नाहीत, कारण प्रत्येक डेकोरेटरची रंगाची खूण खुर्चीच्या बुडाला असते. चमच्याला खूण कुठे करणार? वाटीत राहतात, खरकट्याबरोबर जातात. आणि सतरंज्या झटकताना दाखव. लग्नाच्या सतरंजीतून अक्षता निघतात, हळकुंडाचा तुकडा, लहान मुलाचा एक मोजा, कधी पैंजणाची घुंगरं. आमची ताई ती घुंगरं एका डबीत टाकून ठेवते आणि कुणी विचारायला आलं तर डबीच पुढे करते. अशी डबी तुझ्या गोदामात असू दे. तिच्यावर बोलू नकोस, नुसती असू दे.

तिसरं, जुन्या नाशकातलं एक तरी काम घे. भद्रकालीकडच्या, तिवंध्याच्या गल्ल्यांत टेम्पो शिरत नाही. पंधरा फुटी बांबू दोघांच्या खांद्यावर, आणि काटकोनात वळायचं. पुढचा म्हणतो डावीकडे, मागचा म्हणतो तुझ्या डावीकडे की माझ्या. वरच्या खिडकीतल्या आजी रस्ता सांगतात, समोरून दूधवाला येतो, कुणी मागे जायला तयार नाही. पुढे थोरला आणि मागे धाकटा, नोटीस मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी. तुला संवाद लिहावेच लागणार नाहीत. रंगपंचमीला तिथेच पेशवेकालीन रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा जमिनीतला हौद, उघडते तेव्हाची गर्दी मिळाली तर सोन्याहून पिवळं, पण त्या दिवशी कॅमेरा वाचवणं अवघड, म्हणून हट्ट धरत नाही.

आणि ताईचं पात्र. तिच्यासाठी मला जरा कळकळीनं लिहायचंय. तुझ्या संहितेत ती "हिशेब बघते", "मदत करते". दुकानाच्या पाटीवर वडिलांचं नाव आणि खाली दोघे भाऊ. पक्या, आमच्याकडे दर ती ठरवते, उधारी ती वसूल करते, दर महिन्याच्या २० तारखेच्या आत जीएसटीचं रिटर्न जातं ते तिच्यामुळे, आणि पावसात दोरी कुणी धरली ते वर लिहिलंच. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क कायद्यानं २००५ मध्ये दिला. पाट्या रंगवणाऱ्यांपर्यंत तो अजून पोचायचा आहे. आमच्या भागीदारीच्या करारात तिचं नाव आहे, आणि ते घालायचं पहिल्यांदा दादा म्हणाला, हे तुला माहीत असावं. तिला सिनेमाभर भावांची समजूत घालायला लावू नकोस. तिलाही चुकू दे, हट्ट करू दे, एखादी ऑर्डर तिच्या चढेलपणापायी जाऊ दे. हसवण्याची संधी तिला सगळ्यात कमी दिलीस आणि तीच तुझ्याकडची सगळ्यात खमंग व्यक्ती आहे. नोटिशीचं उत्तर तिनं द्यावं, तेही नोटिशीच्याच पाठीमागे पेन्सिलीनं, गाद्यांचा आकडा लिहून.

शेवटाबद्दल एवढंच, की मिठी नको आणि नवं चकचकीत ऑफिसही नको. धंदा एकदम मोठा झाला असं दाखवलंस तर इतका वेळ जे खरं वाटलं ते खोटं पडेल. पुढच्या तिथीचं काम आलंय आणि तिघं त्याच्या दरावरून वाद घालतायत, यावर थांब.

प्रदर्शनाचं मला फार कळत नाही. पण सकाळचा एक अडनिड्या वेळेचा शो मिळाला आणि चार दिवसांत सिनेमा उतरला, असं व्हायला नको. आमच्या डेकोरेटर मंडळींच्या ओळखी गावोगाव आहेत. सिन्नर, निफाड, येवला, मनमाड, कुठेही मंगल कार्यालय मिळेल, पडदा लागेल, खुर्च्या आमच्याच. गावातल्या लोकांना आपलं काम पडद्यावर दिसलं की ते घरच्यांना घेऊन पुन्हा येतील. कालिदास नाट्यगृहात पहिला खेळ कर, त्याची सजावट आमच्याकडे.

आता व्यवहाराचं. तुझ्याकडे पैसे मोजकेच आहेत हे कळलं. गोदाम, टेम्पो, कापड, खुर्च्या, गाद्या यांचं भाडं घेणार नाही, हे दादानं स्वतः सांगायला सांगितलंय. आमची चार माणसं मांडव घालायला आणि नटांना गाठी शिकवायला देतो, त्यांची मजुरी मात्र तू रोजच्या रोज द्यायचीस. वेळ म्हणशील तर पितृपक्ष. गणपती उठलेले, नवरात्र लागायचंय, शुभकार्य नाही, त्या पंधरवड्यात आमचं सगळं सामान गोदामात आणि सगळी माणसं मोकळी. पितृपक्षात सुरुवात कशी करायची असं तुझ्याकडचं कुणी म्हणेल, तर गणेश चतुर्थीला इथे येऊन एक शॉट घे, मुहूर्त झाला. पण यंदाच कर. २०२७ च्या सिंहस्थाची कामं लागली की नाशकात बांबू, पाइप, माणूस काहीच मोकळं मिळणार नाही. २०१५ ला आम्ही बघितलंय ते.

येण्याआधी फोन कर, म्हणजे लॉन्सवाल्याशी बोलून ठेवतो. ताईनं विचारलंय की तिच्या पात्राचं नाव नक्की झालं का, संहितेत नुसतं "ताई" आहे. ते कळव. आणि लाइटचा लोड किती लागेल ते आधी सांग, गोदामात सिंगल फेज आहे. जनरेटर लागणार असेल तर दादा त्याच्या ओळखीत बोलून ठेवेल, फक्त डिझेल कुणाच्या खात्यात ते आत्ताच ठरवून घेऊ.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सुध्या